डेलोस : देव जन्मला त्या बेटाची गोष्ट

इ.स.पू. 426च्या हिवाळ्यात अथेन्सच्या माणसांनी एजियन समुद्रातल्या डेलोस नावाच्या लहानशा बेटावर थडगी उकरायला घेतली. पिढ्यान्‌पिढ्या मातीत निजलेली माणसं त्यांनी वर काढली. हाडं, मडकी, मेलेल्यांसोबत ठेवलेली शस्त्रं, सगळं होड्यांत भरून समोरच्या रेनिया बेटावर नेलं आणि तिथे पुन्हा पुरून टाकलं. बेट असं रिकामं केल्यावर त्यांनी फर्मान काढलं : यापुढे डेलोसवर कोणी मरायचं नाही आणि कोणी जन्मायचंही नाही. दिवस भरलेली बाई असो की शेवटच्या घटका मोजणारा म्हातारा, त्याला वेळेत होडीत घालून रेनियाला पोचवायचं.

थ्युसिडिडीस या इतिहासकाराने ही हकिकत आपल्या ग्रंथात थोडक्यात नोंदवली आहे. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात राहिली ती त्या होडीतली बाई. कळा सुरू झालेल्या, वारा अंगावर येतोय, आणि काठाला लागेपर्यंत मूल पोटातच राहू दे म्हणून वल्ही मारणारे घाबरलेले. असं दृश्य कुठल्याही ग्रीक ग्रंथात लिहिलेलं नाही. पण फर्मान खरं असेल, तर अशी बाई असणारच. हे पुस्तक तिच्यापासून सुरू झालं. कारण डेलोस पवित्र का, तर तिथे एका बाईला बाळंत व्हायला जागा मिळाली होती म्हणून. दुसऱ्या कुठेच मिळाली नव्हती म्हणून.

नकाशावर डेलोस शोधायला डोळे ताणावे लागतात. क्षेत्रफळ जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. लांबी पाच किलोमीटर, रुंदी तर सव्वा किलोमीटरच्या आसपास. किंथोस हा इथला डोंगर, त्याची उंची सव्वाशे मीटरही नाही. झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल, पाणी तुटपुंजं, आणि उन्हाळ्यात उत्तरेकडून सुटणारा मेल्तेमी वारा एकेकदा बोटीसुद्धा बंद पाडतो. शेतीच्या, पाण्याच्या, लाकडाच्या कुठल्याही हिशोबात हे बेट बसत नाही. तरी या भागातल्या सगळ्या बेटांना मिळून ‘सिक्लेडीस’, म्हणजे ‘वर्तुळ करून उभी असलेली’, असं नाव पडलं, आणि त्या वर्तुळाच्या मध्यावर ग्रीकांनी डेलोसलाच धरलं. शेजारचं नॅक्सोस किती मोठं, किती सुपीक! पण मध्य तो नव्हे.

आता मूळ कथा. लेटो ही देवी देवांचा राजा झ्यूस याच्यापासून गरोदर राहिली. झ्यूसची पत्नी हेरा संतापली. लेटोच्या पोटी येणारा मुलगा, अपोलो, मोठा प्रतापी निघणार हे सगळ्यांना कळलं होतं आणि हेराचा राग काय असतो हेही ठाऊक होतं. त्यामुळे लेटो एकेका किनाऱ्याला जाऊन जागा मागत होती आणि एकेक भूमी तिला नाही म्हणत होती. होमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या, पण बहुधा इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकात रचलेल्या अपोलोस्तोत्रात या भूमींची लांबलचक यादी आहे. क्रीट, अथेन्स, युबिया, सामोस, लेमनोस, नॅक्सोस... ही यादी घाईने ओलांडून जाऊ नये असं मला वाटतं. प्रत्येक नाव म्हणजे एक बंद झालेलं दार आहे.

शेवटी ती डेलोसला येते, आणि इथे या काव्यातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग येतो. बेट बोलू लागतं. त्याला आनंद झालेला आहे, कारण आजवर त्याचं नाव कोणी आदराने घेतलेलं नाही. पण भीतीही आहे. येणारा देव फार ताठ स्वभावाचा असेल म्हणतात. डोळे उघडल्याबरोबर त्याला ही खडकाळ जमीन दिसेल, तो तिला तुच्छ मानेल आणि लाथेने समुद्रात ढकलून देईल. मग माझ्या अंगावर माणसांऐवजी समुद्रातले प्राणी घरं करतील, असं ते बेट लेटोला सांगतं. म्हणून ते आधी शपथ मागतं. देवांना मोडता येत नाही अशी स्टिक्स नदीच्या पाण्याची शपथ लेटो घेते : अपोलोचं मंदिर इथेच होईल आणि तो तुला सगळ्यांपेक्षा जास्त मान देईल. तुझी माती तुला पोसू शकत नाही, पण लोक तुला पोसतील, असंही तिने आधीच सांगून ठेवलेलं असतं. गरिबाने पाहुण्याला घरात घेण्याआधी आपल्या छपराची काळजी करावी, तसा हा संवाद आहे. बेटाची ती भीती किती खरी ठरणार होती आणि ती कोणाकडून, हे पुढच्या प्रकरणांत येईलच.

शपथ झाली तरी सुटका होईना. लेटो नऊ दिवस नऊ रात्री अडली. बाळंतपणाची देवी आयलिथिया हिला हेराने ऑलिंपसवर गुंतवून ठेवलं होतं. खाली काय चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता. डेलोसवर जमलेल्या इतर देवींनी मग देवांची दूत आयरिस हिला गुपचूप वर पाठवलं आणि आयलिथियाला नऊ हात लांबीचा हार कबूल केला. ती बेटावर उतरली तेव्हा कुठे लेटोला शेवटच्या कळा आल्या. तिने खजुराच्या झाडाला मिठी घातली, गुडघे मऊ गवतात रोवले, आणि बाळ उजेडात आलं. देवाच्या जन्माचं वर्णन करताना या कवीने वीज, गडगडाट यांच्या आधी सुईण, झाडाचा आधार आणि टेकलेले गुडघे सांगितले, म्हणून अडीच हजारांहून जास्त वर्षांनीही ते ओळखीचं वाटतं. अपोलोची जुळी बहीण आर्टेमिस आधी जन्मली आणि तिनेच आईला भावाच्या वेळी मदत केली, असंही एक नंतरचं रूप आहे. स्तोत्रात मात्र तिचा जन्म ऑर्टिजिया या ठिकाणी सांगितला आहे, आणि ते ठिकाण नेमकं कोणतं याबद्दल प्राचीन लोकांतही मतभेद होते.

त्या खजुराची कीर्ती फार जुनी. ‘ओडिसी’मध्ये वादळातून वाचलेला ओडिसियस किनाऱ्यावर नॉसिका या राजकन्येला पाहतो तेव्हा त्याला डेलोसच्या वेदीजवळ पाहिलेलं खजुराचं कोवळं झाड आठवतं.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॅलिमॅकसने ही कथा पुन्हा सांगितली, आणि त्याने बेटालाच नायिका केलं. त्याच्या काव्यात डेलोसचं आधीचं नाव अॅस्टेरिया. लेटोची ही बहीण झ्यूसला नकार देऊन आकाशातून समुद्रात उडी घेते आणि लाटांवर हिंडणारं बेट होते. आज इथे दिसेल, उद्या तिथे. लेटोला पाहून नद्या वाट बदलतात, शहरं पळ काढतात, आणि ही एकटी भटकी तिला म्हणते, ये. बाळ जन्मल्यावर बेट समुद्रात मुळं धरतं, आणि लपलेलं होतं ते आता ‘डेलोस’, म्हणजे ‘उघड दिसणारं’, होतं. ज्याला स्वतःला ठाव नाही त्यानेच आसरा दिला, हे कॅलिमॅकसने ओळखलं. अपोलोस्तोत्राइतकी भव्यता त्याच्यापाशी नाही, पण करुणा जास्त आहे, असं माझं मत.

कथेभोवती हळूहळू क्षेत्र उभं राहिलं. नॅक्सोसच्या लोकांनी इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस पवित्र तळ्याकडे तोंड करून संगमरवरी सिंहांची रांग बसवली. त्यांतला एक पुढे व्हेनिसला नेला गेला आणि तिथल्या आरमारी गोदीसमोर आजही आहे. शिंगं गुंफून केलेली एक वेदी होती; क्रीटहून परतताना थीसियसने तिच्याभोवती ‘बगळ्यांचा नाच’ केला, अशी समजूत होती. जत्रेला इओनियन लोक बायकामुलांसह येत, कुस्त्या होत, गाणी होत. डेलोसच्या मुलींचा मेळा असा गायचा की ऐकणाऱ्या प्रत्येकाला ही आपलीच बोली वाटावी. उत्तरेकडच्या हायपरबोरियन नावाच्या अज्ञात लोकांकडून गव्हाच्या काडात गुंडाळलेली देणगी गावोगाव हस्तांतरित होत इथवर पोचायची, असं हिरोडोटस सांगतो. ती देणगी घेऊन आलेल्या मुली परत गेल्या नाहीत, बेटावरच वारल्या. लग्नाआधी डेलोसच्या मुली आपली एक बट कापून, चातीभोवती गुंडाळून त्यांच्या थडग्यावर ठेवत. सगळी थडगी हलवली तेव्हा या परदेशी मुलींची तेवढी जागेवर राहिली.

इतक्या मानाची जागा म्हटल्यावर तिच्यावर हात ठेवायला बळकट लोक पुढे येणारच. सामोसचा सत्ताधीश पॉलिक्रेटिस याने रेनिया जिंकलं आणि ते साखळीने डेलोसला बांधून अपोलोला अर्पण केलं. दोन बेटांमधलं पाणी इतकं अरुंद आहे. अथेन्सच्या पिसिस्ट्रेटसने सहाव्या शतकात पहिलं ‘शुद्धीकरण’ करवलं आणि मंदिरातून दिसतील तेवढी थडगी दूर केली. याउलट इ.स.पू. 490मध्ये इराणी सेनापती डॅटिस आरमार घेऊन आला, तेव्हा डेलोसचे लोक भिऊन तिनोस बेटावर पळून गेले होते. दोन देव जिथे जन्मले त्या भूमीला मी धक्का लावणार नाही, घरी या, असा त्याने निरोप पाठवला आणि वेदीवर 300 टॅलेंट धूप जाळला. म्हणजे सात टनांहून जास्त. परक्या शत्रूने एवढी अदब ठेवली हे विसरता येत नाही, कारण पुढे जे केलं ते आप्तांनी.

इराणविरुद्धचा ग्रीक संघ इ.स.पू. 478-477मध्ये स्थापन झाला तो डेलोसवर. त्याचा खजिना अपोलोच्या छायेत ठेवला. इ.स.पू. 454मध्ये अथेन्सने तो उचलून आपल्या नगरात नेला. आणि 426मध्ये ते मोठं शुद्धीकरण झालं. अथेन्समध्ये नुकतीच भयंकर साथ येऊन गेली होती. साथ पाठवणारा आणि आवरणारा देव अपोलोच. त्याला प्रसन्न करायला ते झटत होते, यात खोटेपणा होता असं मी म्हणणार नाही. त्याच वेळी त्यांनी बेटावरची जुनी जत्रा दर चार वर्षांनी भरेल अशी नव्याने सुरू केली आणि तिच्यात घोड्यांच्या शर्यतीही घातल्या.

जन्माचं सोयर आणि मृत्यूचं सुतक, दोन्हींमुळे देवाच्या दारी जायचं नाही, हा नियम मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ग्रीकांचाही तोच नियम होता; देवळाच्या आवारात प्रसूती आणि मरण त्यांना सगळीकडेच वर्ज्य. पण आपल्याकडे सोयरसुतकाचे दिवस मोजून फिटतात. अथेन्सने डेलोसवर केलं ते वेगळं : आवाराची हद्द त्यांनी किनाऱ्यापर्यंत ओढली. घरं, गल्ल्या, शेतं, माणसं राहत होती ते सगळं देवळात आलं, आणि ज्यांची ती घरं होती त्यांना आपल्याच गावात जन्माचा आणि मरणाचा हक्क राहिला नाही.

चारच वर्षांत पुढचं पाऊल पडलं. एका जुन्या दोषामुळे तुम्हीच अशुद्ध आहात, असं सांगून इ.स.पू. 422मध्ये अथेन्सने डेलोसच्या माणसांनाच बेटावरून काढलं. आशिया मायनरमधल्या अॅड्रॅमिशनला एका इराणी सुभेदाराने त्यांना जागा दिली. वर्षभरात डेल्फीच्या देवाचा कौल आला आणि अथेन्सने त्यांना परत बोलावलं. पण निर्वासित असताना त्यांच्यातल्या प्रमुख लोकांना अर्सेसिस नावाच्या इराणी अधिकाऱ्याने लष्करात घेतो म्हणून बोलावून, जेवायला बसलेले असताना भाल्यांनी मारवलं होतं. थ्युसिडिडीसने ही गोष्ट दुसऱ्याच प्रसंगाच्या ओघात एका वाक्यात सांगितली आहे. मी तिला वेगळं प्रकरण दिलं आहे.

प्लुटार्कने नोंदवलेला एक प्रसंग इथे सांगायला हवा. डेलोसचे लोक अथेन्सविरुद्ध आपला हक्क सांगायला स्पार्टाचा राजा पॉसेनियस याच्यापुढे गेले. आमच्या बेटावर बाया बाळंत होत नाहीत, प्रेतं पुरली जात नाहीत, हा नियम त्यांनी स्वतःच सांगितला. त्यावर राजाने विचारलं, की मग ती तुमची मायभूमी कशी, तुमच्यातला एकही तिथे जन्मला नाही आणि जन्मणारही नाही? राजाचा हा प्रश्न शहाणपणाचा मासला म्हणून जपला गेला. मला तो निर्दय वाटतो. ज्यांच्यावर नियम लादला, त्यांच्याविरुद्धच तो पुरावा म्हणून वापरला गेला.

याच पावित्र्याने एका माणसाला मात्र थोडे दिवस दिले. अथेन्सहून डेलोसला दरवर्षी जहाज जाई. ते परत येईपर्यंत नगरात कोणाला देहदंड द्यायचा नाही, नगर शुद्ध राहिलं पाहिजे, असा कायदा होता. इ.स.पू. 399मध्ये सॉक्रेटिसचा खटला उभा राहिला त्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजावर हार चढला होता. वारे उलटे होते. जहाज परतायला सुमारे महिना लागला, आणि तुरुंगातले ते सगळे संवाद त्या महिन्यातले.

इ.स.पू. 314नंतर डेलोस सुमारे दीडशे वर्षं स्वतंत्र होतं. राजेरजवाडे देणग्या देत होते, तरी या काळाबद्दल मला जास्त जिव्हाळा आहे तो देवस्थानाच्या हिशोबामुळे. कारभाऱ्यांनी वर्षावर्षाचा जमाखर्च दगडावर कोरून ठेवला : देवाची शेतं आणि घरं कोणाला भाड्याने दिली, दहा टक्के व्याजाने कर्ज कोणी घेतलं, आवार शुद्ध करायला महिन्याला डुकराचं पिल्लू केवढ्याला पडलं. सामान्य डेलोसकरांची नावं आपल्याला कळतात ती या दगडांवरून. छंदोबद्ध स्तोत्रांत ती नाहीत.

मग रोम आलं. इ.स.पू. 166च्या सुमारास रोमने बेट पुन्हा अथेन्सच्या हाती दिलं, बंदर करमुक्त केलं, आणि डेलोसच्या लोकांना दुसऱ्यांदा, कायमचं, हाकलून दिलं. ते पेलोपोनीसमध्ये गेले. त्यांच्या जागी इटलीचे, सिरियाचे, इजिप्तचे व्यापारी आले. बैरूतच्या व्यापाऱ्यांनी आपली स्वतंत्र इमारत बांधली. आयसिसचं मंदिर झालं, यहुद्यांचं प्रार्थनास्थळ झालं, आणि येमेनकडच्या मिनियन व्यापाऱ्यांनी आपल्या वद्द या देवाची वेदी ग्रीक आणि स्वतःच्या लिपीत लेख कोरून उभी केली. अंगणात फरशीचित्रं आणि फरशीखाली पाण्याची टाकी असलेली श्रीमंत घरं याच काळातली. आणि याच काळात इथे माणसांचा बाजार भरला. डेलोस एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकू शकत होतं, असं स्ट्रॅबो लिहितो. आकडा फुगवलेला असू शकतो. बाजार खरा होता. जिथे माणसाच्या जन्माचा विटाळ होत होता, तिथे माणसाच्या विक्रीचा होत नव्हता. अपोलोच्या पुजाऱ्यांनी कधी याला हरकत घेतल्याची नोंद मला सापडलेली नाही.

शेवट झपाट्याने झाला. इ.स.पू. 88मध्ये रोमचा शत्रू असलेल्या मिथ्रिडेटिस राजाच्या आरमाराने बेट लुटलं. 20,000 माणसं मारली गेली असं प्राचीन लेखक सांगतात. 69मध्ये चाचे आले. व्यापाराच्या वाटा इटलीकडे वळल्या. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस याच नावाचा एक प्रवासी लिहितो, की अथेन्सने ठेवलेले रखवालदार वजा केले तर डेलोसवर कोणीच राहत नाही.

अथेन्समधल्या फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने 1870च्या दशकात उत्खनन सुरू केलं. ते काम आजही चालू आहे, आणि या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक ठोस गोष्ट त्या दीडशे वर्षांच्या चिकाटीची ऋणी आहे. पवित्र तळं 1925च्या सुमारास हिवतापाच्या भीतीने आटवलं. त्याच्या कोरड्या तळाशी लेटोच्या आठवणीसाठी एक खजूर लावला आहे. 1990मध्ये युनेस्कोने बेट जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. उघड्यावर आज दिसतात ते सिंह प्रतिकृती आहेत. मूळचे वाऱ्या-मिठाने झिजलेले सिंह बेटावरच्याच संग्रहालयात आहेत.

नावांबद्दल थोडंसं. आजचे ग्रीक लोक या बेटाला ‘दिलोस’ म्हणतात. मी मराठी वाचकाच्या कानाला जवळचं ‘डेलोस’ ठेवलं आहे आणि इतर नावंही जमेल तितकी सोपी लिहिली आहेत. मंदिरांची मापं, खांबांच्या शैली यांवर मी कमी लिहिलं आहे; त्यावर चांगली पुस्तकं आहेत. राहणाऱ्या माणसांवर जास्त लिहिलं आहे.

वाचकाला एकच विनंती. बहुतेक प्रवासी मिकोनोसहून सकाळच्या बोटीने अर्ध्या तासात डेलोसला जातात आणि संध्याकाळच्या आत परततात. पाहुण्यांना रात्री मुक्कामाची आजही परवानगी नाही. तुम्ही गेलात तर बोट धरण्याआधी मिकोनोसच्या जुन्या बंदराजवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. इ.स.पू. 426मध्ये अथेन्सने रेनियावर खणलेला तो खड्डा 1898मध्ये सापडला, आणि त्यात निघालेल्या वस्तू ठेवण्यासाठीच विसाव्या शतकाच्या आरंभी ही इमारत बांधली गेली. घरच्यांनी आपल्या मेलेल्या माणसांसोबत ठेवलेली मडकी तिथे कपाटांत मांडलेली आहेत. आधी ती बघा, मग सिंह.